फोकस कुठे करायचा, हे कॅमेऱ्याला विचारू नका

नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाचे पहिले सहा महिने साधारण ठरलेले असतात. किट लेन्स बॅगेत जाते, ५० मिमी एफ/१.८ वाली स्वस्तातली लेन्स कॅमेऱ्यावर चढते, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं जातं आणि मग समोर जे येईल त्याच्या मागचं सगळं धूसर होऊन जातं. कुंडीतलं जास्वंद, कॉफीचा मग, पुतणीचा वाढदिवस, शेजाऱ्यांचं मांजर. फोटो टाकला की मित्र लिहितात, "काय बोके आलाय बॉस!" (बोके म्हणजे मांजरं नव्हेत. फोकसबाहेरच्या भागाच्या मऊपणाला जपानीतून आलेला शब्द आहे.)

ह्यात गैर काहीच नाही. हौस आहे, पैसे मोजून घेतलेली लेन्स आहे, माणूस वापरणारच. माझं भांडण पुढच्या टप्प्याशी आहे. हीच सवय गळ्यात अडकवून आपण शनिवारी सकाळी भिवंडीला जातो आणि यंत्रमागाच्या कारखान्यात शिरतो. परत येताना मेमरी कार्डावर काय असतं? दोनेकशे देखणे चेहरे आणि त्यांच्यामागे राखाडी-पिवळा धूर. तो फोटो भिवंडीत काढला, मालेगावात काढला की इचलकरंजीत, हे सांगता येत नाही. खरं तर कारखान्यात काढला की बसस्टॉपवर, हेही सांगता येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: फोकस कसा करायचा हे कॅमेऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, ते त्याच्यावर सोडा. पण कुठे करायचा आणि किती खोलवर करायचा, हे दोन प्रश्न त्याच्यावर सोडू नका. भिवंडीसारख्या ठिकाणी तर मुळीच नाही.

आधी "कसा" उरकून टाकू. प्रोग्रामर असल्यामुळे मला हा भाग मनापासून आवडतो. ऑटोफोकसच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली कॉन्ट्रास्ट पाहणारी. फोकस बरोबर असेल तेव्हा कडा सगळ्यात ठळक दिसतात, म्हणून कॅमेरा लेन्स थोडी पुढे नेतो, ठळकपणा मोजतो, अजून पुढे नेतो, पुन्हा मोजतो. ठळकपणा कमी व्हायला लागला की टेकडीचं टोक मागे राहिलं असं समजून परत फिरतो. कॉलेजात शिकलेला हिल क्लाइंबिंग अल्गोरिदम, दुसरं काही नाही. दुसरी फेज डिटेक्शन. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमांमध्ये किती अंतर पडलंय ते बघायचं. त्यावरून लेन्स कुठल्या दिशेला आणि किती हलवायची हे एका झटक्यात कळतं. ऑटोफोकस असलेला पहिला सर्वसामान्यांचा कॅमेरा कोनिकाने १९७७ मध्ये आणला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि एसएलआरमध्येही ही सोय रुळली. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स ह्या दोघांनी चेहरा झटपट ओळखण्याचा अल्गोरिदम मांडला. त्यानंतर काही वर्षांतच साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांनाही चेहरे कळायला लागले. आताचे कॅमेरे डावा डोळा की उजवा, पक्षी की मोटार, इथपर्यंत पोचलेत.

म्हणजे "कसा" हा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. गंमत अशी की तो सुटल्यामुळे "कुठे" हा प्रश्न आहे हेच आपण विसरलो. कॅमेरा पूर्ण ऑटोवर ठेवला की आत साधारण असा कोड चालतो: चेहरा सापडला तर डोळ्यावर जा, नाही सापडला तर जवळची, ठळक कडांची वस्तू पकड. आपण सॉफ्टवेअरवाले रोज डिफॉल्ट व्हॅल्यू लिहितो, तेव्हा आपल्याला तरी हे कळायला हवं. डिफॉल्ट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुणाचातरी विचार करून, आधीच घेतलेला निर्णय. हा निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यासमोर वाढदिवसाचा केक होता, समुद्रकिनारा होता. भिवंडीचा माग नव्हता.

आणि माग ही ऑटोफोकसची सत्त्वपरीक्षाच आहे. कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये (हो, ते जाडजूड पुस्तक, जे कुणीच उघडत नाही) "ऑटोफोकस नीट चालणार नाही अशा वस्तू" अशी एक यादी असते. कमी प्रकाश. सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या रेघा, उदाहरणार्थ उंच इमारतीच्या खिडक्या. एकाच चौकटीत जवळची आणि लांबची वस्तू, उदाहरणार्थ पिंजऱ्यातला प्राणी. झपाट्याने हलणाऱ्या गोष्टी. आता मागासमोर उभे राहा. पुढ्यात ताण्याचे हजारो समांतर धागे. त्या धाग्यांच्या पलीकडे वाकलेला कारागीर, म्हणजे पिंजऱ्याचीच स्थिती. डोक्यावर धूळ बसलेल्या ट्यूबलाइट. पुढेमागे आपटणारी फणी आणि इकडून तिकडे जाणारा धोटा. अख्खी यादी एका फ्रेममध्ये! कॅमेरा बिचारा पुढे-मागे शोधत राहतो आणि शेवटी एखादा धागा किंवा बीमची लोखंडी कड पकडून "टुक" करतो. हिरवा चौकोन लागतो. आपण खूश.

दुसरा सापळा जास्त गोड आहे. कॅमेऱ्याला चेहरा सापडतो, डोळा पकडला जातो, फोटो टकाटक येतो आणि बाकी सगळं पुसलं जातं. तांत्रिकदृष्ट्या ह्या फोटोला नावं ठेवायला जागा नसते. म्हणूनच तो जास्त फसवतो.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने गेल्या वर्षी असा एक फोटो काढला होता. पन्नाशीचा कारागीर, उत्तर प्रदेशातून आलेला, तीसेक वर्षं भिवंडीत. चेहरा अप्रतिम आला होता, दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. मित्राने हौसेने प्रिंट काढून पुढच्या खेपेला त्याला नेऊन दिली. चाचांनी प्रिंट उलटसुलट करून बघितली, खूश झाले, आणि मग विचारलं, "अच्छा है भाई, लेकिन हमारा लूम किधर गया?"

ह्याहून चांगली फोटो-समीक्षा मी वाचलेली नाही. आम्ही त्यांचा फोटो "पोर्ट्रेट" म्हणून बघत होतो. त्यांच्या दृष्टीने तो फोटो दोघांचा असायला हवा होता.

आता थोडं गणित, कारण ह्या बाबतीत बऱ्याच जणांचा अंदाज फार चुकतो. ८५ मिमीची लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, अ‍ॅपर्चर एफ/१.८, माणूस दोन मीटरवर. स्पष्ट दिसणारा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, साधारण सहा सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतरही ह्यात मावत नाही! क्रॉप सेन्सरवर ५० मिमी एफ/१.८ लावून तेवढ्याच अंतरावरून काढलात तर साडेअकरा सेंटिमीटर. तीच लेन्स एफ/८ वर नेलीत तर अर्धा मीटर. आणि तीच आपण बॅगेत फेकून दिलेली किट लेन्स १८ मिमीवर, एफ/८ ला ठेवून दोन मीटरवर फोकस केलात, तर एक मीटरपासून पार शेवटच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट. ह्या अंतराला हायपरफोकल डिस्टन्स म्हणतात. एकदा लावून ठेवलं की पुन्हा फोकस करायची गरजच नाही. कॅमेऱ्याचं शोधणं बंद, तुमचं बघणं सुरू.

अर्थात कारखान्यात एफ/८ परवडेल इतका प्रकाश क्वचितच असतो. म्हणून मी तिथे काय करतो ते सांगतो. ही काही शास्त्रशुद्ध पाककृती नाही, पण चालते.

१. लेन्स १८ मिमीच्या आसपास, अ‍ॅपर्चर एफ/५.६, फोकस मॅन्युअलवर करून तीन मीटर. दीड मीटरपासून पुढचं सगळं हाती येतं. किट लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर तीन मीटरवरच्या खांबावर ऑटोफोकस करायचा आणि मग मॅन्युअलचं बटण सरकवून तो तिथेच गोठवायचा.

२. शटर १/१०० किंवा १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५०० वगैरे ठेवलंत तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट. आणि आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर लावलात तर फोटोवर आडवे पट्टे. (तसंही मागांच्या त्या खडखडाटात तुमच्या शटरचा आवाज कुणाला येणार आहे!)

३. आयएसओ ३२०० ते ६४००. घाबरू नका.

४. माणूस आणि काम ह्यांतलं एकच निवडायची वेळ आली, तर फोकसचा बिंदू स्वतः निवडायचा. सिंगल पॉइंट. कॅमेऱ्याला चेहरे शोधायला लावणारा पर्याय बंद. कारागीर तुटलेला धागा जोडत असेल तर मी बिंदू बोटांवर नेतो. त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष बोटांवर असतं. आपलंही असायला हरकत नाही.

५. लेन्स पूर्ण उघडी असताना "मध्यभागी फोकस करा, बटण अर्धं दाबून ठेवा आणि मग फ्रेम सरकवा" ही युक्ती टाळायची. वरच्या ८५ मिमीच्याच उदाहरणात कॅमेरा दहा अंशांनी वळवलात तर फोकसची पातळी माणसाच्या तीन सेंटिमीटर मागे जाते. एकूण पट्टा सहा सेंटिमीटरचा, म्हणजे पुढच्या बाजूची सगळी सवलत तिथेच संपली. बिंदूच सरकवा, कॅमेरा नको.

६. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्या. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते. दोन निर्णय दोन बोटांकडे गेले की दोन्ही नीट होतात. एका फंक्शनने एकच काम करावं हे आपण ज्युनिअरांना उगाच सांगत नाही.

अजून एक गोष्ट. फोटो हलका आला की आपण सरसकट "फोकस गेला" म्हणतो. तीन वेगवेगळे आजार आहेत हे. फोटोत कुठेतरी, मागे किंवा पुढे, काहीतरी शार्प असेल तर फोकस चुकलाय. सगळंच एका दिशेने घसरल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय. भिंत शार्प आणि माणूस पुसट असेल तर माणूस हललाय. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे निदान आधी. धोट्याचंच बघा. साध्या मागावर तो सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने जातो असं धरा. १/१०० ला तो दहा सेंटिमीटर सरकलेला असतो, १/१००० लाही एक सेंटिमीटर. कितीही महागडा ऑटोफोकस लावा, तो धूसरच येणार. आणि यावाच! माणूस स्थिर, माग स्थिर, त्यात फक्त धोटा आणि फणी पुसट, हा फोटो माग चालू असल्याचा पुरावा असतो. सगळं गोठवलेला माग बंद पडलेल्या मागासारखा दिसतो, आणि भिवंडीत ह्या दोहोंतला फरक लोकांच्या पोटाशी संबंधित आहे.

फोनवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आता बहुतेक फोटो फोनवरच निघतात. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ जेमतेम काही मिलिमीटर असते, त्यामुळे त्यात दोन-चार मीटरपलीकडचं जवळपास सगळं मुळातच स्पष्ट येतं. म्हणजे आपल्या खिशात डीप फोकसचा उत्तम कॅमेरा आहे. आणि आपण काय करतो? २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने आणलेला तो पोर्ट्रेट मोड लावून, आलेली माहिती सॉफ्टवेअरकडून पुसून घेतो. त्यातही बारीक धागे ह्या अल्गोरिदमला नीट कळत नाहीत. कारागिराच्या बोटांजवळचे ताण्याचे धागे तो कधी अर्धे खातो, कधी बोटांना चिकटवतो. ज्या धाग्यावर ह्या माणसाचं पोट चालतं, तोच नेमका "नॉइज" ठरतो. मागांसमोर हा मोड बंद ठेवा, एवढीच विनंती.

आता ह्यावर येणारे आक्षेप. मी मित्रांकडून सगळे ऐकलेत.

पहिला: "मागचा पसारा लक्ष वेधून घेतो, फोटो गिचमिड होतो." खरं आहे. पण पसारा आवरण्याचं काम पायांचं आहे, अ‍ॅपर्चरचं नाही. दोन पावलं डावीकडे गेलात तर मागच्या खांबाचं टोक कारागिराच्या डोक्यातून उगवायचं थांबतं. गुडघ्यावर बसलात तर ट्यूबलाइटची रांग त्याच्या मागून सरळ खोलवर जाते आणि नजरेला रस्ता मिळतो. मागांच्या दोन ओळींमधल्या चिंचोळ्या वाटेत उभे राहिलात तर रचना तयारच असते. सगळं स्पष्ट ठेवायचं ठरवलं की चौकटीचे चारही कोपरे तपासावे लागतात, तिथे काय आहे ह्याला आपण जबाबदार होतो. धूसर करून टाकलं की ही जबाबदारी संपते. मला वाटतं बोकेच्या लोकप्रियतेचं खरं कारण हेच आहे: त्याने रचना सोपी होते. म्हणून आधी एक महिना सगळं स्पष्ट ठेवून फोटो काढा आणि मग लेन्स उघडा. रचना आपोआप सुधारलेली दिसेल.

दुसरा: "मग पोर्ट्रेट काढायचेच नाहीत का? गौतम राजाध्यक्ष काय करायचे?" काढा की. राजाध्यक्षांच्या छायाचित्रांत चेहरा सोडून दुसरं काही नसलं तरी अडत नाही, कारण माधुरी दीक्षित कोण हे आपल्याला आधीच माहीत असतं. तिच्यामागचं जग आपण घरून घेऊन येतो. भिवंडीतल्या कारागिराबद्दल बघणाऱ्याला काहीच माहीत नसतं. त्याचं जग फोटोनेच दाखवायचं आहे. तेच पुसलंत तर उरतो एक "रापलेला, सुरकुतलेला, बोलका चेहरा". मग कुणीतरी खाली "सुकून" वगैरे लिहितं आणि विषय संपतो.

आपल्याकडे ह्याचं चांगलं उदाहरण आहे. सुधारक ओलवे ह्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची काढलेली कृष्णधवल छायाचित्रं. (२०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.) त्या फोटोंमध्ये कचरा, गटार, गाडी ही पार्श्वभूमी म्हणून ढकलून दिलेली नाही, ती माणसाइतकीच फोटोची बाजू मांडते. आणखी मागे जायचं तर लुईस हाइन. अमेरिकेत नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी कापडगिरण्यांतली मुलं टिपणारा. नोव्हेंबर १९०८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या लँकेस्टर गावी त्याने सूतकताईच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या एका चिमुरडीचा फोटो काढला. फोटोत यंत्राची लांबलचक रांग मागे मागे जाते, आणि त्या रांगेमुळेच मुलगी किती लहान आहे हे कळतं. यंत्र पुसलं असतं तर एक गोड मुलगी उरली असती. बालमजुरी दिसली नसती.

तिसरा आक्षेप: "एवढा आयएसओ ठेवला की फोटोला दाणे येतात." येतात. पण दाणे आले तरी माहिती जागेवर असते, आणि दाणे कमी करणारी सॉफ्टवेअरं आता बरीच चांगली आहेत. शिवाय स्पष्ट फोटो नंतर कधीही धूसर करता येतो. धूसर झालेल्या भागातला माग मात्र परत आणता येत नाही. एकतर्फी फंक्शन आहे ते. मूळ डेटा आधी साठवा, फिल्टर नंतर लावा, हे आपण ऑफिसात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो आणि शनिवारी विसरतो. (आणि म्हणून एफ/२२ लाही जाऊ नका. क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे सगळाच फोटो मऊ पडायला लागतो. १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मंडळींनी आपल्या गटाचं नावच "एफ/६४" ठेवलं होतं, पण त्यांच्या फिल्मचा आकार तेवढा मोठा होता.)

चौथा आक्षेप मात्र मला मान्य आहे. कारागिराला त्याचा कारखाना ओळखू यायला नको असेल, मालकाची भीती असेल, तर धूसर करणं हीच माणुसकी. फक्त ते त्याला विचारून करा. लेन्सने आपोआप केलं म्हणून नको.

ह्या सगळ्याची एवढी घाई का, तर भिवंडीच बदलते आहे. गावात लाखोंनी माग, एका कारागिराकडे चार-सहा माग, बारा-बारा तासांच्या पाळ्या, हे चित्र अनेक वर्षं पक्कं होतं. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर आणि जुलै २०१७ च्या जीएसटीनंतर धंद्याची घडी विस्कटली. सुताचे भाव, विजेची बिलं आणि कापडाची मागणी ह्यांचा मेळ बसेना, त्यात कोव्हिडची टाळेबंदी. कितीतरी जुने माग किलोच्या भावाने भंगारात गेले. कुठे त्यांच्या जागी बिनधोट्याचे नवे माग आले, कुठे कारखान्याच्या जागी दुसरंच काही. गावाबाहेर काल्हेर, पूर्णा, माणकोली, राहनाळ ह्या पट्ट्यात गोदामांची रांगच्या रांग उभी आहे. आपण रात्री मोबाइलवर मागवलेली वस्तू बऱ्याचदा तिथूनच निघते. ह्याचं बरं-वाईट ठरवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण धोट्याचा माग, कांड्यांची टोपली, भिंतीवर खडूने लिहिलेला मीटरचा हिशोब, ताण्यावर टांगलेला डबा, पद्मनगरात दारावर दिसणारी तेलुगू अक्षरं, ह्या गोष्टींची नोंद आता आपल्यासारखे हौशी लोकच करणार आहेत. आणि आपण सगळे एफ/१.८ वर आहोत.

घरातला जुना अल्बम काढून बघा. आग्फा क्लिक-थ्रीवर काढलेले फोटो, नाहीतर नव्वदीतल्या कोडॅक केबी-१० वरचे. त्या कॅमेऱ्यांना फोकस करायची सोयच नव्हती, लेन्स एका अंतरावर कायमची बसवलेली. नाक अगदी जवळ आलं तर हलकं यायचं, बाकी बऱ्यापैकी सगळं दिसायचं. आज आपण ते फोटो बघताना काय शोधतो? आजी-आजोबांचे चेहरे क्षणभर बघतो, ते आपल्याला पाठ असतात. मग बोट मागे जातं. "अरे, हा आपला जुना रेडिओ!" "ही बघ चाळीची गॅलरी." "कॅलेंडर कुठल्या सालचं आहे, वाचता येतंय का?" फोटो काढणाऱ्याला ह्यातलं काहीही महत्त्वाचं वाटलं नव्हतं. कॅमेरा साधा होता म्हणून ते वाचलं.

तीस वर्षांनी भिवंडीतल्या एखाद्या मुलीच्या हाती तिच्या आजोबांचा फोटो लागेल. ती त्यात काय शोधेल, हे आपल्याला आज ठरवता येत नाही. कदाचित मागाचा नंबर, कदाचित शेजारी उभा असलेला भाऊ, कदाचित नुसतं छत. तिच्यासाठी थोडं स्पष्ट शिल्लक ठेवायला फार काही लागत नाही. अ‍ॅपर्चरची चकती दोन-तीन स्टॉप फिरवायची आणि दोन पावलं मागे जायचं.

पुढच्या शनिवारी कुणी येणार असेल तर जरूर या. अंजूरफाट्याला चहा घेऊन आत जाऊ. आधी कारखान्याच्या मालकाला विचारायचं, मग कारागिरांना, आणि मगच कॅमेरा बाहेर काढायचा. किट लेन्स आणायला विसरू नका.